सगळेच न्वान्ने

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नका; पण ओक्वुओसाचं लग्न आमच्या इग्बो भाषेतल्या एका शब्दापायी मोडता मोडता राहिलं.

मुलीच्या बापानं, अन्याजीनं, निरोप धाडला होता, "फक्त न्वान्ने आणा. जेवण बेताचंच आहे."

आता न्वान्ने म्हणजे आईचं लेकरू, भावंड. कुणाच्या आईचं, ते शब्द सांगत नाही. ओक्वुओसाचे सख्खे भाऊ आले, मागून चुलत आले, मग आजोळ आलं, मग अख्खं गाव. शेवटचा ट्रक इतका लांब, की त्याचं तोंड अंगणात शिरलं तेव्हा शेपूट नायजर नदीच्या पुलावर होतं.

"हा कोण?" अन्याजीनं एका ढेरपोट्याकडे बोट दाखवलं.

"न्वान्ने!" ओक्वुओसा म्हणाला.

"तो कसा?"

"बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. आता परका कसा म्हणू?"

कोनफळं संपली, बकरा संपला. घाबरलेला अन्याजी ओरडला, "न्वान्ने हो, जरा दमानं घ्या!"

झालं! मुलीची आत्या ताडकन उठली. "काय म्हणालास? तुझेही न्वान्ने? मग पोरगी काय भावालाच देतोस? हे लग्न होणे नाही!"

तेवढ्यात ताडीचा पेला घेऊन उगोये, म्हणजे नवरीच, बाहेर आली. आमच्याकडे नवरीनं तो पेला नवऱ्याच्या हाती दिला, की लग्न लागतं.

"खरंय आत्या, न्वान्नेशी लग्न नाही," ती म्हणाली. "पण न्वान्ने म्हणजे घरचे. घरच्यांनी नुसतं खाऊन उठायचं नसतं. मागं भांड्यांचा ढीग पडलाय. चला, कोण कोण न्वान्ने?"

"मी तर वाट चुकलो," ढेरपोट्या पुटपुटला.

"मी नुसता ड्रायव्हर!"

सख्खे भाऊसुद्धा "आमचा नि याचा काय संबंध?" म्हणत कुंपणावरून उडाले. बघता बघता ट्रकही दिसेना. नातं सांगणारं कुणी उरलं नाही, तेव्हा एकट्या उरलेल्या ओक्वुओसाला उगोयेनं पेला दिला. आत्याची हरकतही त्या ट्रकबरोबरच गेली.

"आणि भांडी?" ऐकणाऱ्यांतल्या एकानं विचारलं.

"नवऱ्यानं घासली, एकट्यानं! अशी लखलखीत, की उजाडलं समजून कोंबडे आरवले."

"साफ खोटं!" माझ्या घरातून उगोयेचा आवाज आला. "अहो ओक्वुओसा, लग्न झाल्यापासून तुम्ही एक वाटी तरी विसळलीत का?"