अर्धं मापटं तरतरी

करंजवडीत तरतरी रेशनवर मिळते, आणि मोनालीच्या वाट्याची अर्धी तिची भीती पिऊन टाकायची.

सकाळी सातला दुकान उघडतं. मोठ्या माणसाला रोजचं एक मापटं. ताकासारखी पातळ असते, चव काही नसते, पण ती पोटात गेली की माणूस संध्याकाळपर्यंत उभा राहतो. लहान मुलांना रेशन नाही. त्यांची तरतरी त्यांच्या अंगचीच असते.

चूक मोनालीच्याच तोंडून झाली होती. दोन वर्षांमागं तिची खालची दाढ दुखायला लागली आणि दातांच्या डॉक्टरची भीती तिच्याकडे राहायला आली. बाईमाणूस, मोनालीच्याच अंगकाठीची, पदर कायम तोंडावर. त्याच आठवड्यात कार्डं करायला कारकून दारात आला आणि त्यानं विचारलं, "घरात जेवणारी माणसं किती?" आत तिघं ताटावर बसली होती. नवरा सोमनाथ, मांडीवर सहा महिन्यांची ईश्वरी आणि समोर भीती. ताटावर बसलेल्या माणसाला वगळून मोजायचं, हे मोनालीच्या संस्कारात नव्हतं. ती म्हणाली, "माझ्यासकट चार."

कारकुनानं चार लिहिले. भीतीचा वाटा सरकार वेगळा देत नाही. जिची भीती, तिच्या मापट्यातून अर्धं.

अर्धं मापटं साडेबारापर्यंत पुरतं. साडेबाराला मोनाली बसल्या जागी झोपायची आणि तिच्या शेजारी भीतीही झोपायची, कारण तिचाही वाटा अर्धाच. पाच वाजेपर्यंत दोघींना जाग नाही. ईश्वरी पाळण्यात होती तोवर हे चाललं. आता ती अडीच वर्षांची झाली होती. मागच्या मंगळवारी तिनं कडी काढली आणि ती हमरस्त्यावर गेली. एका टेम्पोवाल्यानं तिला काखेत मारून घरोघर विचारत परत आणलं.

"ताई, ओ ताई! पोरगी तुमचीच का?"

मोनाली उठली नाही. टेम्पोवाला बिचारा पाच वाजेपर्यंत ओट्यावर पोरीला धरून बसला. त्याचा माल टोमॅटोचा होता.

दुसऱ्या दिवशी मोनाली भीतीला घेऊन पुरवठा कार्यालयात गेली. खिडकीत ढगे भाऊसाहेब होते.

"नाव कमी करायचंय," मोनाली म्हणाली.

"कुणाचं?"

"हिचं."

"नातं?"

"माझी भीती आहे."

"कशाची?"

"दातांच्या डॉक्टरची."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून भीतीकडे पाहिलं. "बाई, तुमची काही हरकत?"

"आहे," भीती पदराआडून म्हणाली. "ही एकटी गेली तर ते पकडीनं जबडाच काढतील. मी ऐकलंय."

"हरकत लेखी द्या. लिहिता येतं?"

"सातवी पास आहे."

भीतीनं हरकत लिहिली. अक्षर हुबेहूब मोनालीचं होतं.

भाऊसाहेबांनी कागद फायलीला लावला. "हरकत आली म्हणजे आता दाखला लागणार. दातांच्या डॉक्टरचा. अर्जदार स्वतः खुर्चीत बसली होती, एवढाच मजकूर पाहिजे."

"पण भाऊसाहेब, हीच तर जाऊ देत नाही. तीनदा निघाले. तिन्ही वेळा दवाखान्याच्या कोपऱ्यावरनं हाताला धरून माघारी आणलं हिनं."

"ते आमच्या खात्यात येत नाही. पुढचे या."

घर आल्यावर भीती म्हणाली, "रागावलीस का गं? मी तुझ्या भल्याचंच बघते. ती सुई केवढी असते माहितीय का? एवढी." तिनं दोन्ही हात पसरले.

"आणि पोरगी गाडीखाली आली असती म्हणजे?"

"त्यातलं मला काही कळत नाही बाई," भीती म्हणाली. "मी दातांची."

मोनालीनं त्यावर दोन दिवस विचार केला.

शुक्रवारी सकाळी तिनं आपलं मापटं आणलं, दोन पेल्यांत सारखं वाटलं आणि भीतीसमोर तिचा पेला ठेवला. आपला तिनं ईश्वरीच्या धुतलेल्या दुधाच्या बाटलीत ओतला, बूच घट्ट लावलं आणि बाटली फडताळावर ठेवली. भीतीनं ते बघितलं. पण त्यात दाताचं काही नव्हतं, म्हणून विचारलं नाही.

तरतरी न घेता सकाळ काढायची तर एकच उपाय आहे: बसायचं नाही. बसलं की झोप. असं एखाद दिवस जमतं, रोज नाही. मोनालीनं उभ्यानं भाजी चिरली, उभ्यानं पोरीला भरवलं, भिंतीला टेकून भाकरी थापल्या. दोन करपल्या.

"अगं, चहात मीठ घातलंस," सोमनाथ म्हणाला. तो यंत्रमागावर दिवसपाळीला निघाला होता.

"प्या तसाच. आज ओरडू नका."

"बरं नाही का?"

"अजून बरं आहे. संध्याकाळी विचारा."

त्यानं चहा पिऊन टाकला आणि तो गेला. भीती रोजच्यासारखी तिच्या मागं मागं होती. "दाढ ठणकतेय का? लवंग धर. लवंगेनं कितीतरी लोकांचं आयुष्य निघालंय." मोनाली हूं हूं करत राहिली. अकराला डोळ्यांपुढं काजवे आले. बाराला तिनं डोकं नळाखाली धरलं.

साडेबाराला भीती वाक्याच्या मध्येच झोपली. "ती पकड म्हणजे" एवढंच म्हणाली आणि कलंडली. मोनालीनं तिच्या अंगावर चादर घातली, बाटलीचं बूच काढून तरतरी उभ्या उभ्या घशात ओतली, पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेरून कडी लावली. कोपऱ्यावर पाय थांबले नाहीत. थांबवायला कोणी नव्हतं.

डॉक्टर कोठावळे डबा उघडून बसले होते. डबा त्यांनी बाजूला सारला.

"भीती कुठंय?"

"घरी झोपलीय."

"एकटीच आलात? वा." त्यांनी हात धुतले. "माझ्याकडे माणसं येतात ती जोडीनं. खुर्ची एकाची. कोण बसणार यातच माझा दिवस जातो हो."

मोनाली खुर्चीत बसली. ईश्वरीनं तिच्या पायाचा अंगठा गच्च धरला. सुई टोचली ती काळी मुंगी चावावी तशी, पण चांगली मोठी मुंगी. मग गाल दुसऱ्याचा झाला. वर पंखा होता, त्याचं एक पातं दुसऱ्या रंगाचं होतं, आणि हे बघायला तिला वेळ मिळाला. दाढ निघाली तेव्हा आवाज झाला, दुखलं नाही.

डॉक्टरांनी दाखला लिहिला. सदर महिला खुर्चीत बसली. नंतर उठलीही.

भीती पाचला जागी झाली तेव्हा मोनाली समोर बसली होती, तोंडात कापूस. बोलता येत नव्हतं. तिनं दाखला पुढं केला. भीतीनं तो दोनदा वाचला.

"दुखलं?"

मोनालीनं करंगळीचं टोक दाखवलं.

"एवढंच? मी तर..." भीतीनं हात पसरायला घेतले आणि अर्ध्यात मांडीवर ठेवले. मग उठून चादरीची घडी घातली.

घरातून निघालेल्या बाईला रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत. मोनालीनं तिला हळदकुंकू लावलं, ओटीत पसाभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घातली. भीतीनं पदर पहिल्यांदाच तोंडावरून काढून ओटीला धरला. तिचे दात चांगले होते.

"पोरीच्या दातांचं कसं?" ती म्हणाली. "मी थांबू का?"

मोनालीनं कापूस काढला. "तिची तिला येईल. तू नीघ."

उंबऱ्याबाहेर जाऊन भीती रीतीप्रमाणे "येते" म्हणाली. मोनालीनं "ये" म्हटलं नाही.

सोमवारी भाऊसाहेबांनी नावावर रेघ मारली. मंगळवारी दुकानदारानं ओतलेलं पूर्ण मापटं मोनालीनं एकटीनं घेतलं.

त्या दुपारी साडेबारा वाजले, एक वाजला, मोनाली जागी होती. ईश्वरीला जाग्या आईची सवय नव्हती. तिनं दोनदा उशी आणून दिली, "झोप" म्हणाली, मग कंटाळून स्वतःच मांडीवर झोपली. घरात कोणी बोलत नव्हतं. मोनालीनं पोरीचा ओठ हळूच वर केला आणि दात मोजले. सोळा होते. चार यायचे होते.