सुभेदारसाहेबांचे तीन इंच

थोर माणसांचे पाय कायम जमिनीवर असतात, असं साताऱ्यातल्या प्रत्येक व्याख्यानमालेत कुणी ना कुणी सांगतं आणि टाळ्या घेतं. माझाही या सिद्धांतावर बरीच वर्षं विश्वास होता. मग आमच्या शेजारी सुभेदार मारुतराव जगदाळे राहायला आले. सुभेदारसाहेब सकाळचा पेपर अंगणात उभ्या असलेल्या जीपमध्ये बसून वाचतात, आणि तेव्हा त्यांचे पाय माझ्या कमरेच्या उंचीवर असतात. त्यांच्या पत्नी शालनवहिनी चहाचा कप दोन्ही हातांनी वर धरतात, खिडकीतून एक हात बाहेर येतो आणि कप आत जातो. देवाला नैवेद्य दाखवावा तसं ते दृश्य दिसतं. फक्त हा देव कप परत देताना साखर कमी होती असं सांगतो.

जीप घेतली तेव्हा इतरांच्या जीपसारखीच होती. सुभेदारसाहेबांनी ती तीन इंच वर उचलून घेतली. स्प्रिंगा बदलल्या, टायर मोठे बसवले, आणि चारी चाकं ओढणारी ही जीप आमच्या कॉलनीत घोड्यांच्या पागेत उंट उभा करावा तशी उभी राहिली. कारण विचारलं तर एकच उत्तर. "तयारी पायजे, गड्या. पाणी आलं तर?"

आमची कॉलनी अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. इथं पुराचं पाणी यायचं तर त्याला धापा टाकत चढ चढावा लागेल. हे मी एकदा त्यांच्या कानावर घातलं. ते माझ्याकडं कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "बगा, पाण्यानं तुमाला बेसावध ठिवलंय."

ही तयारी घेऊन ते मंडईत जातात, पेन्शन घ्यायला बँकेत जातात आणि दळणाला जातात. चारी चाकं जोडणारा गिअरचा दांडा दर रविवारी अंगणातच एकदा ओढतात आणि परत ढकलतात. त्याला ते सराव म्हणतात.

आता, उंचीला एक दुखणं असतं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत एका लोखंडी दांड्यातून जाते, त्याला एक्सल म्हणतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना वळणारे सांधे, सांध्यांत ग्रीस, आणि ग्रीस सांडू नये म्हणून वर रबरी आवरण. मिस्त्री लोक त्याला बूट म्हणतात. कंपनीनं हा दांडा जवळजवळ आडवा ठेवलेला असतो. गाडी वर उचलली की तो तिरका होतो. मग सांधे सतत वाकून काम करतात, बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकातून कट-कट-कट असा आवाज येतो. पोवई नाक्यावर सुभेदारसाहेब वळले की अडकित्त्यानं कुणी सुपारी कातरतंय की काय म्हणून लोक मागं वळून बघायचे.

एक्सल बदलावे लागायचे आणि बदललेले पुन्हा जायचे. आमच्या नाक्यावरच्या रफिक मिस्त्रीला कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हणणं आजवर जमलेलं नाही. "तुमी म्हणाल तसं, सायेब," एवढंच त्याचं मत. तेव्हा आपल्या उंच गाडीला कायमचे टिकतील असे एक्सल निवडायचे, असं सुभेदारसाहेबांनी ठरवलं आणि आमच्या कॉलनीच्या संध्याकाळी संपल्या.

ते उपवर मुलीच्या बापासारखे बोलायला लागले. कंपनीचा एक्सल म्हणजे घराणं उत्तम, पण लांबीला कमी. कराडात मिळतो तो दिसायला हुबेहूब कंपनीचा, पण मूळ गाव सांगत नाही. सांगलीला एका दुकानात जुने एक्सल उघडून, नवे सांधे घालून देतात; म्हणजे दुसरेपणाचं स्थळ, समजूतदार असेल पण सवयी कुठल्या लागल्यात सांगता येत नाही. आणि परदेशात खास उचललेल्या गाड्यांसाठी बनवलेला लांब, जाड, जास्त वाकणारा एक्सल. त्याचं नाव काढलं की त्यांचा आवाज खाली यायचा, जसा परदेशातल्या स्थळाबद्दल बोलताना येतो.

"पर आदी एक्सलचा कोन मोजायचा," ते म्हणाले. "मोकळ्या गाडीचा न्हवं. फुल लोडवर. फौजेत रिकामी गाडी कोन तपासतंय?"

म्हणून एका रविवारी सकाळी आमची कॉलनी फॉल-इन झाली. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर एकेकाचं वजन झालं, आणि ते सुभेदारसाहेबांनी परेडच्या आवाजात जाहीर केलं. बँकेतून निवृत्त झालेल्या कुलकर्ण्यांनी आपण चपला घालून उभे होतो अशी लेखी नसली तरी ठाम तक्रार केली. मला मागच्या सीटवर मधोमध बसवलं आणि श्वास नेहमीसारखा घ्यायला सांगितलं. सुभेदारसाहेब नातवाचा कोनमापक घेऊन जीपखाली शिरले.

पुढची डावी सीट मात्र माणसाविना होती. तिथं गव्हाचं एक पोतं बसवलं होतं, पट्टा लावून, आणि पोत्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ही जागा कुणाची हे कुणीच विचारलं नाही. ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या शालनवहिनींनी बराच वेळ त्या पोत्याकडं बघितलं. मग मान खाली घालून मेथी निवडता निवडताच म्हणाल्या, "आवं, शेंगा काढा वरच्या."

 सुभेदारसाहेब जीपखालून बाहेर आले, शेंगांची पिशवी उतरवली आणि परत खाली शिरले.

मोजमाप उत्तम आलं. इतक्या वजनानं स्प्रिंगा दबल्या, गाडी खाली बसली आणि एक्सल जवळजवळ आडवा झाला. यातून सुभेदारसाहेबांनी असा निष्कर्ष काढला की जीपमध्ये कायम चार माणसं आणि एक पोतं राहिलं तर एक्सलला काही होणार नाही. पुढचे काही दिवस कॉलनीतून पायी जाणं अवघड झालं. मागून जीप यायची, दार उघडायचं आणि हुकूम व्हायचा, "बसा." कुलकर्णी वाचनालयात निघाले होते, ते गावाबाहेर पार खिंडवाडीपर्यंत जाऊन आले. मी भिंतीच्या आडोशानं हिंडायला शिकलो.

पुढच्या सीटवर पोतं का होतं आणि वहिनी जीपमध्ये का बसत नाहीत, ते सांगायला हवं. त्यांचे गुडघे गेलेत. माहेर औंधचं, थोरली बहीण अजून तिथंच असते, आणि दर पौर्णिमेला यमाईचं दर्शन घ्यायचं नि बहिणीकडं दुपार घालवायची हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. डोंगरावरच्या देवीला खालूनच हात जोडतात आणि गावातल्या देवळात जातात. जीप उंच झाली त्या पौर्णिमेला सुभेदारसाहेबांनी ती ओट्याला चिकटवून लावली आणि वहिनींना ओट्यावरून अलगद आत घेतलं. चढण्याचा बंदोबस्त चोख होता. उतरण्याचा विचार झालेला नव्हता. औंधला ओटा न्यायचा राहिला होता.

वहिनी देवळासमोर जीपमध्ये बसून राहिल्या. माहेरचं गाव गोळा झालं. शेवटी उसाची एक रिकामी ट्रॉली आणून जीपला लावली, वहिनी ट्रॉलीत उतरल्या आणि तिथून फळीवरून खाली आल्या. खाली आल्यावर पदर नीट केला आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला एवढंच विचारलं, "मी काय ऊस हाय का?"

तेव्हापासून त्या एस.टी.नं जातात. यष्टीला पायऱ्या हायत, धरायला दांडा हाय, असं त्यांचं म्हणणं. सुभेदारसाहेबांनी यावर वाद घातला नाही. ते फक्त एस.टी.च्या मागं जीप घेऊन जायला लागले. वहिनी एस.टी.त, वहिनींची पिशवी आणि पाण्याची बाटली जीपमध्ये. एस.टी. थांबली की जीप थांबायची, एस.टी. निघाली की जीप निघायची. एक नवा ड्रायव्हर तपासणी पथक मागं लागलंय असं समजून सगळ्या थांब्यांवर थांबला, हात न केलेल्या माणसांनासुद्धा त्यानं घेतलं. मी एकदा म्हटलं, वहिनींना माझ्या गाडीतून सोडतो, माझी गाडी बुटकी आहे. त्या दिवसापासून सुभेदारसाहेब माझ्याशी फक्त फौजेतल्या हिंदीत बोलायला लागले.

एक्सलचा निकाल अखेर परदेशी स्थळाच्या बाजूनं लागला. लांबी, जाडी, वाकण्याची हद्द, सगळं पटलं. सांगलीच्या त्याच दुकानाला कित्येक महिने फोन करून ते मागवलेही. सुभेदारसाहेबांनी रफिकला ते आणायला जायचा दिवस दिला, मला बरोबर यायची आज्ञा झाली. त्याच सुमारास वहिनींचा गुडघा सुजला आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडं न्यावं लागलं. जीपमध्ये चढवणं शक्यच नव्हतं. हिंदी थोडा वेळ बाजूला ठेवून मला हाक मारण्यात आली. माझ्या गाडीत वहिनी सहज पुढं बसल्या, आणि सुभेदारसाहेब मागं, गुडघे हनुवटीला लावून.

डॉक्टर तरुण आणि समजावून सांगणारे होते. त्यांनी प्लास्टिकचा एक सांधा हातात घेतला, तो वाकवून दाखवला आणि सांगितलं की भार असताना सांधा जितका जास्त वाकेल तितका लवकर झिजतो. पायऱ्या बंद, उंच चढणं बंद, एस.टी. तर नकोच.

सुभेदारसाहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी विचारलं, आत ग्रीस घालता येतं का. डॉक्टर म्हणाले, तसं इंजेक्शन असतं. मग विचारलं, नवा सांधा बसवला तर. डॉक्टर म्हणाले, तोही बसवता येतो. पण आहे तोच सांभाळा, मूळचा सांधा तो मूळचा. "आधी चढ कमी करा," ते म्हणाले. "बाकीचं मग बघू."

वहिनींनी तेवढ्यात विचारलं, "मंग औंधला कसं जायाचं?" विचारलं डॉक्टरांना, पण उत्तराची वाट बघितली नाही. पिशवीची वादी गुंडाळत बसल्या. "जाऊ द्या," म्हणाल्या. "ताई यील की कवातरी." ताई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत आणि अंथरुणातून उठत नाहीत.

येताना मी आरशात बघितलं. सुभेदारसाहेब वहिनींच्या सीटकडं नाही, तिच्या खाली जमिनीपर्यंतच्या अंतराकडं बघत होते.

दोन दिवसांनी आम्ही सांगलीला गेलो. दुकान एका बाई चालवतात; सगळे त्यांना सुमनताई म्हणतात. त्यांनी काउंटरवर कापड अंथरून परदेशी एक्सल ठेवला होता, शेजारी कंपनीचा साधा, तुलनेला. परदेशी एक्सल खरंच देखणा होता. रफिकनं त्याला हात लावायच्या आधी पँटला हात पुसले. सुभेदारसाहेबांनी तो उचलला, सांधा वाकवला, पुन्हा वाकवला, आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा परत कापडावर ठेवला.

"कंपनीचे द्या," ते म्हणाले. "दोन्ही बाजूचे."

सुमनताईंना वाटलं, चुकून बोलले. "साहेब, तुमची गाडी उचललेली हाय न्हवं? त्यात हे टिकायचे न्हाईत."

"उंची काडतोय."

"सगळी?"

"सगळी. टायरबी जुन्या मापाचे."

रफिक आयुष्यात पहिल्यांदा "तुमी म्हणाल तसं" म्हणायला विसरला. सुमनताईंनी विचारलं, मग इतके महिने फोन करून हे मागवायला कशाला लावलं. सुभेदारसाहेब खाकरले आणि म्हणाले, कोन जमत नव्हता. मग इकडंतिकडं बघून ते वाकले, हाताचा तळवा आपल्या नडगीजवळ आडवा धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "गाडी उतरवल्यावर पायदान हितं यील का, ताई? ह्याच्या वर न्हाई चालायचं."

ताईंनी तो हात बघितला, सुभेदारसाहेबांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "कुणाचे गुडघे?"

"लोडचा प्रश्न हाय," सुभेदारसाहेब म्हणाले.

ताईंनी आतून एक जास्तीचं पायदान आणून एक्सलशेजारी ठेवलं. आपल्या सासूबाईंसाठी आणलं होतं, म्हणाल्या. त्या आता कुठं जात नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला जीप अंगणाच्या मधोमध उभी होती, ओट्यापासून मुद्दाम लांब. कॉलनी आपापल्या खिडक्यांत उभी होती, कामं असल्यासारखी. वहिनी आल्या, पायदानावर एक पाय ठेवला, दाराचा दांडा धरला आणि बसल्या. सुभेदारसाहेब पलीकडच्या बाजूला टायरची हवा बघत होते. ती त्यांनी आदल्या दिवशीच भरली होती.

मला मागं बसवलं. यात लोडचा काही संबंध नाही, असं मुद्दाम सांगण्यात आलं.

रहिमतपूर यायच्या आधी रस्ता एका ठिकाणी चांगलाच वळतो. तिथं सुभेदारसाहेबांनी जीप अगदी हळू केली, काच खाली घेतली, मला बोटानं गप्प राहायची खूण केली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं. आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो. एक्सलचा काही आवाज नव्हता. वहिनी घोरत होत्या.