विलाकोटाची शिरगणती

कासिमिरोचं गाव नकाशावरून पुसलं जायची वेळ आली, आणि यंदा मुखिया नेमका तोच होता. देशाचा समतोल विकास व्हावा म्हणून राजधानीत नवे विभाग आखले जात होते. दोनशे माणसांच्या गावाला आरोग्य केंद्र मिळणार होतं. त्याहून लहान गाव खिंडीपलीकडच्या कोंदोरपाताला जोडणार होते. विलाकोटात माणसं एकशे त्रेचाळीस. त्यातली एक कासिमिरोची लेक नीवेस, नववा महिना लागलेली. तिची आई इलारिया धाकट्याच्या वेळी त्याच खिंडीत, दवाखान्याच्या वाटेवर दगावली होती.

मोजणीला उर्किदीसाहेब आले ते एक नोव्हेंबरच्या दुपारी. त्या दिवशी बाराच्या ठोक्याला गावातले मेलेले घरी जेवायला येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. साहेब पडले सखल मुलखातले. विरळ हवेनं डोकं धरून बसलेले.

"आजी, घरात माणसं किती?" त्यांनी बेनेदिक्ताआजीला विचारलं.

"आज? सहा."

"मला तर तुम्ही एकट्याच दिसता."

"मग एवढी ताटं काय हौस म्हणून मांडलीत? हे आमचे मालक. वय एकाहत्तर. लिहा."

साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. समोरच्या ताटलीतलं सूप हळूहळू कमी होत होतं. साहेबांनी कोकाच्या पानांच्या चहाचा घोट घेतला आणि निमूट लिहिलं.

संध्याकाळी बेरीज भरली दोनशे अकरा. कासिमिरो खोटं बोलला नव्हता. तो नुसता गप्प बसला होता.

"उद्या बाराच्या आत सगळ्यांना लस," साहेब म्हणाले. "नर्सबाई आणल्यात. यादीतलं एक जरी माणूस आलं नाही, तर यादीच रद्द."

"अगदी सगळ्यांनी यायचं?"

"का? कुणी परगावी गेलंय?"

"तसं... फार लांब नाही गेलेलं कुणी."

दुसऱ्या दिवशी कासिमिरो सकाळभर लामांच्या गोठ्यात तोंड लपवून बसला. शेवटी मनाचा हिय्या करून कबुली द्यायला शाळेत गेला, तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. अंगणातल्या धुळीत रांगेची पावलं उमटली होती, पण मध्येमध्ये बरीच जागा कोरी होती.

"साहेब, माझं चुकलं..."

"चुकलंच!" नर्सबाई कडाडल्या. "दोनशे दहा जण कधीच येऊन गेले. काय एकेकाचे थंडगार दंड! अडुसष्ट जणांना तर रक्ताचा थेंब आला नाही. जरा चांगलंचुंगलं खाऊ घाला त्यांना."

कासिमिरोनं मागं वळून अंगणाकडं पाहिलं. "म... मग राहिलं कोण?"

"तुम्ही!" साहेबांनी यादीवर बोट आपटलं.

"एक बाई सांगून गेली," नर्सबाई म्हणाल्या, "की मुखिया लग्नाआधीपासून सुईला भितात, गोठ्यात दडले असतील. म्हणाली, त्यांना सांगा, माझ्या नीवेसचे दिवस भरत आलेत. आता तरी दवाखाना जवळ हवा."

कासिमिरोला भडभडून आलं. गोठ्यात दडायचं कारण निराळं होतं, पण सुईची भीतीही काही खोटी नव्हती. त्यानं बाही वर सारली आणि डोळे घट्ट मिटले.

"टोचा."

टोचताना कुणीतरी त्याचा दुसरा हात गच्च धरला. बर्फासारखा गार हात, पण पकड ओळखीची. देवळाची बाराची घंटा वाजायला लागली तशी ती सुटली.

त्यानं डोळे उघडले. साहेब टेबलाशी सही करत होते, आणि नर्सबाई पार खोलीच्या दुसऱ्या टोकाला कापूस शोधत होत्या.