दुखऱ्या मानेवरची उचल

मानवी देहाची खरी किंमत तो मोडेपर्यंत ठरत नाही. लुईझियानातल्या एल्डन गिड्रीची मान पन्नास वर्षं फुकट होती. मग एका सिग्नलला गाद्यांच्या ट्रकने त्याच्या गाडीला मागून ठोकलं (ट्रकवर ‘पाठदुखीला रामराम!’ असं लिहिलेलं होतं) आणि तीच मान एकदम चाळीस हजार डॉलरची झाली. ट्रकवाल्याने जबाबात प्रामाणिकपणे सांगितलं, की तो रस्त्याकडेच्या फलकावर अपघाताच्या वकिलाचा नंबर वाचत होता. एल्डनने पुढे तोच वकील केला. इतकी परिणामकारक जाहिरात क्वचितच बघायला मिळते.

चाळीस हजार मिळणार, हे नक्की होतं. कधी, एवढंच नक्की नव्हतं. "दोन वर्षं. फार तर तीन," वकील म्हणाला. "तोवर बरे होऊ नका."

एल्डन वेल्डर होता. मान वळेना, म्हणून काम बंद. आणि इकडे मुलीचं, सलेस्तचं, लग्न मे महिन्यावर आलेलं. "खटला संपला की करू ना, डॅडी. कुणाला घाई आहे?" असं ती हसत म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. बराच वेळ दार उघडलं नाही, तेव्हा एल्डनने खटल्याच्या भरपाईवर आगाऊ उचल देणाऱ्या कंपनीला फोन लावला.

या कंपन्यांच्या समाजकार्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. बँक माणसाचं उत्पन्न बघते, घर बघते. ही मंडळी फक्त दुखणं बघतात. फोनवरची बाई फार मायाळू होती.

"मणक्याच्या किती चकत्या सरकल्यात, मिस्टर गिड्री?"

"दोन."

"अरे वा, अभिनंदन! आणि तिसरी? थोडीशी?"

"तिसरी ठणठणीत आहे."

"असू दे," बाई समजूत घालत म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका."

अटी सोप्या होत्या. दहा हजार लगेच. खटला हरलात, तर एक छदामही परत द्यायचा नाही. जिंकलात तर व्याजासकट द्यायचे, आणि त्या व्याजावरही दरमहा व्याज. एल्डनच्या बायकोने, वर्लीनने, किराणाच्या पावतीमागे हिशेब मांडला. त्यात वकिलाचा तिसरा हिस्सा धरला, वकिलाच्या झेरॉक्सचा खर्च धरला (कागद बहुधा परदेशी असावा), तीन वर्षांचं व्याज धरलं.

"एकशे बारा डॉलर उरतात," ती म्हणाली.

"जिंकलो तर?"

"जिंकलास तर. हरलास तर भोपळा."

खरी अडचण वेगळीच होती. लग्नात बापाने मुलीबरोबर नाचायचं असतं. सलेस्त चार वर्षांची असल्यापासून एल्डनच्या बुटांवर पाय ठेवून त्याची तालीम करत आली होती. पण वकिलाने लेखी कळवलं, की नाचता येणार नाही. बसून टाळ्या वाजवायला हरकत नाही, मात्र हलक्या. कारण घरासमोरच्या झाडाखाली राखाडी गाडीत ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस, पर्विस, पाळतीवर बसलेला असे आणि एल्डनची मान जरा वळली की फोटो काढी. (वर्लीन त्याला दुपारी वाडगाभर गंबोचा रस्सा नेऊन देई. दारात माणूस उपाशी बसलेला बरा दिसत नाही.)

"मी नाचलो तर खटला बुडेल," एल्डन म्हणाला.

"बुडू दे. मग उचल फेडायची नाही, असं इथे छापलंय. उचल घेतली नाहीस, तर हा नाच वीस-पंचवीस हजारांना पडतो. आपल्याला कुठला परवडतोय? घेतलीस तर एकशे बारा डॉलर! एवढ्यात तर अकॉर्डियनवाला पण येत नाही. कर सही!"

गरिबाच्या आवाक्यात नाच आणण्याचं श्रेय त्या कंपनीलाच दिलं पाहिजे.

लग्नाला पर्विसलाही बोलावलं. उकडलेल्या क्रॉफिशच्या ढिगापुढे त्याला अगदी पहिल्या रांगेत बसवलं, म्हणजे चित्रीकरण नीट व्हावं. पण क्रॉफिश कोळंबीसारखी दोन्ही हातांनीच सोलावी लागते, त्यामुळे चित्रीकरणात खंड फार पडला. अकॉर्डियन सुरू झालं. मानेला पट्टा लावलेला एल्डन उठला आणि अख्खं सभागृह ओरडायला लागलं.

"दुखतंय का, डॅडी?"

"गप्प नाच."

एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला एल्डनने लेकीला गर्रकन फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पर्विसने क्रॉफिश बाजूला ठेवली, हात पुसले, कॅमेरा उचलला, मग खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली.

ते पाणी मानेचं होतं की मुलीचं, माणूस खरा की लबाड, हे आपण अजूनही ताडून बघताय. पहिल्या ओळीपासून आपली नजर त्याच्या मानेवरून हललेली नाही. सलेस्त कशी दिसत होती, तिचा नवरा कोण, हे आपण एकदाही विचारलं नाहीत. विमा कंपनीत एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट आपण आत्ताच पूर्ण केली आहे.