क्लच प्लेटचं दत्तकविधान

एका जंगलात, जिथे सिंह अजून राजा होता पण त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं, एक जुनी जीप होती. जंगलात जीप कुठून आली, असं विचारू नका मुलांनो. कोणी साहेब लोक शिकारीला आले होते. घाटात गाडी बंद पडली. ते चालत परत गेले, गाडी राहिली. झालं समाधान? आता नीट मांडी घालून बसा.

गाडी बंद पडली ती नेमकी गव्यांच्या अंगणात. तेव्हापासून ती गव्यांची खानदानी जीप झाली. आजोबांनंतर ती वडिलांकडे आली आणि वडिलांनंतर आबासाहेब गव्यांकडे. आबासाहेबांना चालवता येत नव्हती. मालकाला चालवता यायला लागत नाही. ती उमाजी नावाचं अस्वल चालवायचं.

जंगलाच्या तळाला नदी होती. वर पठार होतं. मध्ये घाट, आणि घाटाच्या निम्म्यावर आबासाहेबांचं अंगण. उन्हाळ्यात पठार सुकलं की सगळे प्राणी खाली नदीवर राहायला जायचे. त्या वर्षी एक पाडस मात्र वरच राहिलं. कातळावरून पडून त्याचा पाय मोडला होता. त्याला घाट उतरणं शक्यच नव्हतं. त्याची आई गोदू हरीणही मग वरच राहिली.

उमाजी रोज नदीवरून पिंप भरायचा, फोर-व्हील टाकायचा आणि पठारावरच्या कुंडात पाणी ओतून यायचा. पाडस पाणी प्यायचं. गोदू उमाजीला मनापासून दुवा द्यायची. एवढं साधं होतं.

एके दिवशी रिकामी जीप अंगणातून निघायलाच तयार होईना. इंजिन बोंबलतंय, चाक ढिम्म. खालून धूर आला आणि जळका वास सुटला.

"आबासाहेब, क्लच प्लेट गेली," उमाजी म्हणाला.

"कंपनीची मागवा," आबासाहेब म्हणाले. "ओरिजिनल. आमच्या गाडीला बाहेरचं काही लावलेलं नाही आणि लावणारही नाही."

धनेश पक्षी लगेच शहराकडे उडाला. कंपनी तिकडे होती.

गोदू धापा टाकत अंगणात आली. "आबासाहेब, कुंड तळाला गेलंय. प्लेट कधी येईल?"

"ओरिजिनल म्हटल्यावर वेळ लागणारच, गोदूबाई. डुप्लिकेट असती तर लगेच आली असती."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

डुप्लिकेट खरंच लगेच आली. जंगलाच्या वेशीवर दामूशेठ वानराचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. दामूशेठ पळसाच्या पानात गुंडाळून एक प्लेट घेऊन आला आणि म्हणाला, "डिट्टो ओरिजिनल आहे, आबासाहेब. एकदा बघून तर घ्या."

बघायला काय हरकत आहे, म्हणून आबासाहेबांनी पाट मांडायला सांगितला. प्लेटला पाटावर बसवलं. आबासाहेब समोर बसले.

"घराणं कोणतं?"

"पलीकडच्या जंगलातलं. साधी माणसं आहेत, पण पोरगी गुणाची आहे."

"दाते बघू." आबासाहेबांनी प्लेट उलटीपालटी केली. "दाते बरे आहेत. आधी कुठे बसवली होती का?"

"काय बोलता! अजून पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं."

"नंबर?"

दामूशेठने नंबर सांगितला. आबासाहेबांनी तो जळक्या प्लेटच्या नंबराशी ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे सोडून सगळे गुण जुळत होते.

"नाही जमत," आबासाहेब म्हणाले. "राग मानू नका. पोहे खाऊन जा."

गोदूला राहवेना. "अहो, पण ती बसते ना गाडीत?"

"बसतात हो सगळ्याच. आमच्या घराण्यात बसायला हवी."

दामूशेठने पोहे खाल्ले. निघताना प्लेट मुद्दाम पाटावरच विसरला. धंद्यातला प्राणी होता.

मग वाट पाहणं सुरू झालं. पाडस आधी हाका मारायचं, मग नुसतं ओठ चाटायला लागलं. गोदू रोज घाट उतरून यायची, आभाळाकडे बघायची आणि परत जायची. तिचा जीव नुसता तुटत होता. आबासाहेबही काळजीत होते. कंपनीने प्लेट नीट गुंडाळून दिली असेल ना, ही त्यांची काळजी.

शेवटी धनेश आला. त्याच्या चोचीत कंपनीचं खोकं होतं. कडेला चकचकीत स्टिकर, त्यावर नंबर. शेवटच्या दोन आकड्यांसकट. आबासाहेबांनी खोकं कपाळाला लावलं आणि उघडलं.

आत काहीच नव्हतं.

"कंपनी म्हणाली, या मॉडेलची प्लेट कधीच बंद झाली," धनेश म्हणाला. "खोकी तेवढी शिल्लक आहेत. जुनं गिऱ्हाईक म्हणून एक दिलं."

उमाजीने कपाळावर हात मारला. आबासाहेबांनी खोक्याचा वास घेतला. "वास मात्र ओरिजिनल आहे हो," ते म्हणाले.

गोदू रडकुंडीला आली होती. "अहो, मग ती पाटावरची प्लेट या खोक्यात घाला आणि खोक्यातून काढून बसवा! माझं लेकरू मरतंय तिकडे!"

आबासाहेब बराच वेळ रवंथ करत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे दत्तक!"

"दत्तक म्हणा, काहीही म्हणा."

"काहीही कसं म्हणू? दत्तक विधीने घ्यावं लागतं. एकदा घेतलं की कूळ बदलतं. मोठमोठ्या घराण्यांत झालेलं आहे."

मग प्लेटला खोक्यात निजवलं. आबासाहेबांनी तिच्या मधल्या भोकात पूर्ण नंबर सांगितला, कुर्र केलं आणि तिला बाहेर काढलं. आता ती ओरिजिनल झाली. दामूशेठ मामा म्हणून हजर होता. त्याने ओरिजिनलचा भाव लावला.

उमाजीने प्लेट बसवली. जीप सुरू झाली, तरतरा नदीवर गेली आणि भरलेलं पिंप घेऊन अंगणापर्यंत चढून आली. गोदू आनंदाने उड्या मारायला लागली. "चल उमाजी, थांबू नकोस!"

"थांब," आबासाहेब म्हणाले. "पूजा झाल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. न्हाऊ घाल तिला."

"कशाने?"

"पिंप आहे की."

उमाजी जागचा हलेना. "आबासाहेब, हे पाणी पाडसाचं आहे."

"शुभकार्यात अपशकुनी बोलू नये."

बॉनेटवर ओतलं. टपावर ओतलं. चारही चाकांवर ओतलं, कारण गाडी फोर-व्हील होती. उरलेलं मंत्र म्हणत रेडिएटरला दाखवलं आणि जमिनीवर सोडलं. पिंप रिकामं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता दुसरी फेरी," गोदू कशीबशी म्हणाली. "लगेच. पाया पडते."

"पूजा झालेली गाडी त्या दिवशी हलवत नाहीत, गोदूबाई. उद्या बघू सकाळी. तीर्थ घ्या."

तांब्यात पूजेचं थोडं पाणी ठेवलेलं होतं. आबासाहेबांनी प्रत्येकाला पळीभर दिलं. दामूशेठने भुरकलं. धनेशने पंखावरून फिरवलं. गोदूने तोंडात घेतलं आणि गिळलं नाही.

"काय गोदूबाई," आबासाहेबांनी विचारलं, "ओरिजिनल ते ओरिजिनल, हे पटलं ना आता?"

तिचं तोंड मिटलेलं होतं. उत्तर द्यायला ते उघडावं लागलं असतं. तिने फक्त मान हलवली आणि पठाराच्या दिशेने धावत सुटली.

"पटलं," आबासाहेब सगळ्यांना म्हणाले.

तात्पर्य: मुलांनो, जुन्या गाडीला खोकं नेहमी ओरिजिनलच घ्यावं, आत प्लेट कुठलीही चालते. आणि गोदूच्या पाडसाचं काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगावं, की ही गोष्ट जीपची आहे, आणि जीप उत्तम चालते.