गरम ओट्यावरची सभा

कोरियाच्या युद्धात आमचं सरकार नव्हतं, हे आधी नीट लक्षात घ्या. यालू नदीपलीकडे उत्तरेचे आणि दक्षिणेचे कोरियन एकमेकांना मारत होते. दक्षिणेच्या बाजूने अमेरिकन उतरले होते. उत्तरेच्या मदतीला चीनमधून जे लाखो लोक गेले, ते सरकारने पाठवलेले नव्हते. ते आपल्या मनाने गेले. आमच्या गावातून पाच जणांनी आपल्या मनाने जावं, असा वरून आदेश होता.

सचिव कॉम्रेड मियाओंनी आम्हा बारा जणांना सभेसाठी ओट्यावर बसवलं. आमच्याकडे घरोघरी असा विटांचा ओटा असतो. खाली जाळ, वर झोपायचं. मियाओ स्वतः दाराशी स्टुलावर बसले.

"सक्ती अजिबात नाही," ते म्हणाले. "ज्याला जावंसं वाटेल, त्याने नुसतं उठून उभं राहायचं."

कोणालाच वाटेना. तेव्हा जाळ वाढवायचं ठरलं. हा मान महिला मंडळाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, युनफंगचा होता. तिने ज्वारीची ओली धाटं सारली. नुसता धूर झाला.

"वहिनी, तुमचा जाळ अमेरिकेच्या बाजूचा दिसतो," मियाओ म्हणाले. "सुकी घाला."

बुडं भाजू लागली. जाडा सुई उठला. "पाय आखडला हो माझा!" टाळ्या झाल्या, त्याच्या छातीवर कागदाचं लाल फूल लागलं. दुसरा लघवीला म्हणून उठला. त्याच्या तळमळीचं कौतुक झालं. असे चार झाले.

मी तळहातांवर भार देऊन बसून राहिलो. माझ्या विजारीतून धूर निघाला. चुलीपाशी तिला वास आला.

"अहो, उठा!" ती ओरडली. "भाजताय तुम्ही!"

मी उठलो. उरलेले सात जणही सावकाश खाली उतरले; आता उठणं म्हणजे नुसतं उठणं होतं. मियाओंचे डोळे भरून आले. पत्नीने पतीला युद्धावर धाडलं! आमच्या दारावर 'आदर्श पत्नी' अशी लाल पट्टी लागली.

मी युद्धावरून परतलो तेव्हा पट्टी होती, युनफंग नव्हती.

"भावजी, तिने त्या दिवसापासून ओट्याखाली जाळच केला नाही," शेजारीण म्हणाली. "हाडं गोठवणाऱ्या थंडीत गार विटांवर निजायची. मी किती भांडले! शेवटी छातीच भरली."

मी मियाओंना म्हणालो, "हुतात्म्यांच्या दगडावर तिचं नाव कोरा."

"कसं कोरणार? घरात सरपण होतं, कॉम्रेड. जाळ न करणं हा तिचा निर्णय. तिच्यावर सक्ती कोणी केली?"

खरं आहे. कोणीच नाही.

तुम्ही हे वाचताय, तिथे बुडाखाली जरा हात लावून बघा. गार लागेल. म्हणूनच तुम्हाला वाटतंय, की तुम्ही उठला नसता.