झोपतानाची गरगर

तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय मी. गिऱ्हाईक पायरी चढताना कसं चाचपडतं, एवढ्यावरून त्याचा नंबर सांगतो! चूक? आमच्या दुकानात चूक होत नाही. असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

मागच्या आठवड्यात रात्री अंथरुणावर पडलो, नेहमीप्रमाणे दोन पानं वाचली, आणि खोली गरगर फिरायला लागली! पोटात ढवळायला लागलं. दिवसभर ठणठणीत, आणि झोपायची वेळ झाली की हे सुरू!

"पित्त!" ही म्हणाली. दुसऱ्या रात्री म्हणाली, "रक्तदाब!" तिसऱ्या रात्री मानेवर आली. शेजारच्या काकूंनी कानावर बोट ठेवलं. "कानाच्या आत काहीतरी असतं हो, ते हललं की माणूस फिरतो!" उशी बदलली, रात्रीचं दूध बंद झालं, शेवटी पलंगही फिरवला. गरगर होती तिथेच!

चौथ्या दिवशी मेहुणा टपकला. माझ्या दुकानावर त्याचा कधीपासून डोळा.

"भावोजी, आता विश्रांती घ्या. दुकान मी बघतो."

"मला काय धाड भरलीये?"

"बघ ताई, चिडचिडही वाढलीये!"

हिने गंभीरपणे मान हलवली. माझं धाबंच दणाणलं! दुकान गेलं तर दिवसभर मी करू काय? हिच्या हाताखाली भाजी निवडू? म्हटलं, डॉक्टरांकडून 'प्रकृती उत्तम' असं लिहूनच आणतो.

डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक. हिने पुरावा म्हणून माझी उशी, पुस्तक आणि झोपताना वाचायचा चष्मा पिशवीत भरून दिला होता. स्वतः मेहुण्याला घेऊन बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरांनी कान बघितले, मान वळवली, रक्तदाब मोजला. सगळं छान! मग म्हणाले, "इथे आडवे व्हा. रात्री करता तसं सगळं करून दाखवा."

झालो आडवा. उशी घेतली, चष्मा चढवला, पुस्तक उघडलं.

"डॉक्टर, फिरलं! फिरलं!"

"काढा तो चष्मा!" त्यांनी तो सहज स्वतःच्या नाकावर ठेवला. पुस्तक बघितलं. "अहो, मला तर यातून लख्ख दिसतंय!"

"कसं दिसेल? तो माझ्या नंबरचा आहे!"

डॉक्टरांनी चष्मा काढून फ्रेम निरखली. मग हळूच म्हणाले, "मागच्या आठवड्यात मीही रात्रीचा चष्मा तुमच्याकडून नेला. अशीच फ्रेम. तेव्हापासून मलाही झोपताना मळमळतंय. मी पित्ताच्या गोळ्या खातोय!"

मला कळायचं ते कळलं. दोन्ही चष्मे एकाच दिवशी तयार झाले होते. माझा मी डॉक्टरांना दिला होता आणि त्यांचा स्वतः घालून बसलो होतो!

दोघंही पोट धरून हसलो. मग मला बाकावरची दोघं आठवली. बाहेर जाऊन काय सांगू? आजार आहे म्हटलं, तर विश्रांती! आजार नाही म्हटलं, तर दुकानातली ढळढळीत चूक कबूल! दोन्हीकडून दुकान मेहुण्याच्या घशात!

"डॉक्टर, पाया पडतो. एखादा बारीकसा, बिनधोक आजार द्या ना! चार दिवसांत जाणारा!"

त्यांनाही आपल्या गोळ्यांची गोष्ट गावभर व्हायला नको होती. "मान अवघडलीये असं सांगू," म्हणत त्यांनी माझ्या गळ्यात जाडजूड पट्टा अडकवला. मी विजयी वीरासारखा बाहेर आलो.

"काही नाही गं, जरा मान अवघडलीये! उद्यापासून दुकानात हजर!"

"हजर?" ही म्हणाली. "या पट्ट्यात खाली बघता येतंय का तुम्हाला? मान न वाकवता भिंगं कशी बसवणार?"

मी खाली बघायचा प्रयत्न केला. समोर मेहुण्याचा चेहराच तेवढा दिसला.

"ताई, चाव्या दे," तो म्हणाला.